पाल्याची वारी

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की आमच्या पांढुर्ण्याचे सारे लक्ष जाम नदीच्या पात्राकडे लागते. पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव उभे ठाकते, आणि गोटमारीचा तो जुना, रक्ताळलेला खेळ सुरू होतो. त्या गदारोळात वाहत्या पाण्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही आयुष्याचा मोठा भाग ते पाणी नुसते वाहताना पाहिले. ते कोठे जाते आणि तेथे त्याची वाट कोण पाहत असते, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला.

जामचे पाणी सौंसरचा मुलूख भिजवीत कन्हानला मिळते, आणि कन्हान अंभोऱ्यास चैतन्येश्वराच्या पायथ्याशी वैनगंगेला भेटते. वैनगंगा पुढे वर्धेसह प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विसावते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या गोदेच्या पुण्यात आमच्या संत्र्यांच्या बागांतून निथळलेल्या थेंबाचाही असा वाटा आहे. आणि नेमक्या ह्याच पावसाळी दिवसांत, दूर आंध्रात, ह्या गढूळ गोड्या पाण्याचा माग काढीत एक मासा समुद्रातून वर चढत असतो.

तो समुद्रात असेतो तेलुगू कोळी त्याला इलसा म्हणतात. गोदेत शिरला की तोच पुलसा होतो. बंगालचा इलिश, सिंधचा पल्ला आणि आपल्या किनाऱ्यावरचा पाला तो हाच. हेरिंग माशांच्या गोतातला, म्हणजे आपल्या तारलीचा आप्त. गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

पाला वाढतो समुद्रात, पण अंडी घालतो नदीत. पावसाने नद्या फुगल्या की त्याचे थवेच्या थवे प्रवाहाविरुद्ध निघतात. एकेक मादी लाखो अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले काही महिने नदीत पोसली जाऊन समुद्राला मिळतात आणि मोठी झाली की पुन्हा नदीकडे वळतात. कल्ल्यांच्या दाट काट्यांची चाळणी करून हा मासा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व जीव गाळून खातो. जे अन्न डोळ्यांनाही दिसत नाही त्याचे मांस करून तो मोठ्या माशांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या पुढे ठेवतो. समुद्र व नदी यांच्यामधला तो नित्याचा वारकरीच होय.

पण वारीची वाट मोकळी असावी लागते. गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन यांनी बंधारा बांधला. त्याने दुष्काळी मुलखाला भात दिला, आणि तेथील शेतकरी आजही कॉटनसाहेबांचे नाव कृतज्ञतेने घेतो. ते योग्यच आहे. मात्र पाल्याची चढण त्या भिंतीपाशी अडली. गंगेत हा मासा पूर्वी प्रयागपर्यंत, यमुनेने आग्र्यापर्यंत जाई. १९७५ साली फरक्का धरण सुरू झाले आणि वरच्या गंगेतून तो जवळजवळ नाहीसा झाला. सिंधूवर १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला आणि तेथेही हीच कथा घडली. सिंधी बांधवांचे झुलेलाल ज्या माशावर विराजमान असतात तो हाच पल्ला. देवाचे वाहन राहिले, वाहनाची वाट गेली.

आमच्या सातपुड्याची गोष्ट तर याहून नवलाची. छिंदवाड्याच्या उत्तर उतारावरचे पाणी नर्मदेला जाते, शेजारच्या मुलताईचे तापीला आणि आमचे गोदावरीला. ह्या तिन्ही नद्यांच्या मुखांशी पाला पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. ज्या डोंगराने हा मासा कधी पाहिला नाही, तोच त्याच्या तिन्ही दारांत पाणी घालतो.

आता लोभाविषयी. मंगळसूत्र विकावे, पण पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण गोदाकाठी प्रसिद्ध आहे. त्याच लोभाला बंगालच्या जुन्या घरांनी धर्माचा बांध घातला होता. पूर्व बंगालच्या अनेक कुटुंबांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजनानंतर इलिश घरात येत नाही, तो थेट सरस्वतीपूजेला येतो. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना तेवढी उसंत मिळते. बांगलादेशचे सरकारही आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास २२ दिवस इलिश धरण्यास बंदी घालते. आपल्याकडे श्रावण पाळून नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात न लोटणारा कोळी काही वेगळे करीत नव्हता. व्रत म्हणजे केवळ जिभेचा निग्रह नव्हे. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याला वाढू देण्याची ती मुदत आहे.

हे लिहिताना आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. देवघरातले निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट जाममध्ये सोडून आम्ही वर्षानुवर्षे हात जोडले, आणि त्यास भक्ती समजलो. बागांवर फवारलेली औषधे पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला लागतात, हेही आम्हांस ठाऊक होते. बंधारे फोडणे आमच्या हाती नाही, आणि तसे कोणी म्हणतही नाही. पण पाणी आमच्या दारावरून जाते तेव्हा ते कसे जाते, हे तर आमच्याच हाती आहे. आता आमच्या घरचे निर्माल्य परसातल्या तुळशीच्या खड्ड्यात जिरते. गेल्या पोळ्याला आम्ही नदीवर रिकाम्या हातांनी गेलो आणि बराच वेळ त्या गढूळ पाण्याकडे पाहत उभे राहिलो. ते सागराच्या दिशेने निघाले होते, आणि त्याच घटकेला तिकडून कोणीतरी त्याच्याकडे निघाले होते.