कट्ट्यावरचे नाव

गोंदिया जिल्ह्यात ऐन उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, वाळवायचा आणि पुढे बायांनी घरोघरी बिड्या वळायच्या, हा जुना धंदा आहे. त्यामुळे बिडीच्या कट्ट्यावर कोणाचे नाव असावे, हा प्रश्न इथे परका नाही. २०२० साली तो साऱ्या महाराष्ट्रापुढे आला. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या ‘संभाजी बिडी’विरुद्ध आंदोलने झाली आणि अखेर तिची ‘साबळे बिडी’ झाली. मूळ नाव ठेवताना अपमानाचा विचार कोणाच्या मनात होता असे मला मुळीच वाटत नाही. थोरांचे नाव आपल्याकडे मालाला श्रद्धेनेच देतात. पण नावाचा मान ठेवणाऱ्याच्या हेतूवर टिकत नाही, वस्तू हाताळली जाते तसा तो टिकतो किंवा जातो. गिऱ्हाईक टपरीवर ‘एक संभाजी दे’ म्हणायचे. कट्टा संपला की कागद चुरगळून गटारात जायचा. त्यात २०१६ पासून दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा रोगाच्या चित्राला आणि इशाऱ्याला द्यावा लागतो; म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचे नाव उरलेल्या पट्टीत, सडलेल्या अवयवाला चिकटून होते.

इतकी वर्षे कोणाला खटकले नाही, असे म्हणतात. सवयीने कान बधिर होतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मग लक्ष्मी तोट्याचे काय, देवाच्या चित्राच्या अगरबत्तीच्या पुड्याचे काय? त्यांनाही हीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. फुटलेल्या फटाक्यावरची देवी दिवाळीच्या सकाळी पायाखाली येते. कायद्यावर सोडून भागणार नाही. नावांच्या गैरवापराविरुद्धच्या १९५० च्या कायद्याने शिवाजी महाराज, महात्मा गांधी अशी मोजकीच नावे राखली आहेत. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा अश्लील किंवा धार्मिक भावना दुखावणारी नावे नोंदणीच्या वेळी अडवू शकतो, पण टपरीवरचा उच्चार त्याला ऐकू येत नाही. खरा वजनदार आक्षेप एकच: ओळखीचे नाव गेले, खप घटला, तर हजेरी बिडी वळणारीची बुडते. हे नुकसान खरे आहे, म्हणूनच नाव बदलायला मुदत हवी आणि तोटा मालकाने सोसायला हवा. पण ज्यांच्या हातून तो माल घडतो त्यांच्या पोटाचे कारण पुढे करून चुकीचे नाव चालू ठेवणे मला मान्य नाही. बिडी कारखानदारांनी नवे लेबल छापखान्यात धाडण्याआधी ते नाव या बायांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्या काय म्हणतात ते ऐकावे.