बोल्ट गेला तरी चालेल, डेक राहिला पाहिजे

जाम झालेला बोल्ट काढणं हे ताकदीचं काम आहे, अशी समजूत होड्यांच्या दुरुस्तीत घट्ट रुजलेली आहे. पाना फिरेना तर त्याला पाइप जोडायचा, तरी हलेना तर गॅस मारायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर ग्राइंडर लावून मोकळं व्हायचं, हा ठरलेला क्रम. डेकवरची दोर बांधायची क्लीटं, विंच, कठड्याचे खांब, झाकणांच्या बिजागऱ्या उतरवण्या-चढवण्याच्या कामात राहून माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. होडीवर अडकलेला बोल्ट ही वाचवायची वस्तू नाहीच. तो बाजारात नवा मिळतो. मिळत नाही ते त्याच्याभोवतीचं भोक, त्या भोकाची कड आणि डेकच्या पोटातलं कोरडं लाकूड. म्हणून कामाला हात घालण्याआधी मी एकच गोष्ट ठरवतो, की यातलं काय गेलं तर चालेल. ते एकदा पक्कं झालं, की कुठलं हत्यार उचलायचं आणि कुठलं पेटीतच ठेवायचं याबद्दल फारसा घोळ उरत नाही.

सगळे बोल्ट एकाच कारणाने अडकत नाहीत, आणि कारण न पाहता उपाय केला की तिथेच काम बिघडतं. मासेमारीच्या होडीवर बहुतेक ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेलं साधं लोखंड असतं. मुलामा संपला की लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगला की नट आतून पाचर ठोकल्यासारखा आवळला जातो. शिडाच्या होडीवर मामला वेगळा. तिथे डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि तिच्यात पिळलेले स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज वाहू लागते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस शाबूत राहतं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत साचून टणक होते. स्क्रूचं डोकं चकचकीत दिसतं, त्याच्याभोवतीचा रंग मात्र फोड आल्यागत उचललेला असतो आणि नखाने खरवडला तर खालून ती पांढरी भुकटी निघते. तिसरा प्रकार गंजाचा नाहीच. स्टेनलेस बोल्टावर स्टेनलेस नट कोरडाच, झपाट्याने, मशिनने आवळला, की घर्षणाने पृष्ठभागावरचा संरक्षक थर सोलला जातो आणि दोन्हीकडचा उघडा धातू एकमेकांत रुतून बसतो. असा नट तेलाने सुटत नाही, कारण तेलाला शिरायला फटच उरलेली नसते. आणि पुष्कळदा बोल्ट मोकळा असतो, क्लीट धरून ठेवलेलं असतं ते खालच्या पॉलियुरेथेन सीलंटने. अशा वेळी पहार घालून उचकटलं तर क्लीटबरोबर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचा, पापुद्रा निघून येतो.

आता ताकदीचा हिशेब करू. आठ मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट आवळायला साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. पान्याला एक मीटरचा पाइप जोडून त्याच्या टोकाला २० किलोचा भार दिला, तर बोल्टावर जवळजवळ २०० न्यूटन-मीटर येतात. धडधाकट माणूस एवढा भार सहज देतो, आणि एवढ्यात तो बोल्ट नवाकोरा असला तरी तुटतो. झिजलेल्याची तर गोष्टच नको. म्हणजे पाइप लावल्याने बोल्ट सुटण्याची शक्यता जेवढी वाढते त्याहून जास्त तो भोकात अर्धा मोडण्याची वाढते. मोडलेला तुकडा काढायला मग ड्रिल आलं, आणि हातातलं ड्रिल कठीण स्टेनलेसवरून घसरून शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये किंवा फायबरमध्ये शिरतं. सलग जोराऐवजी मी झटक्यांवर भिस्त ठेवतो. बोल्टाच्या डोक्यावर सरळ हातोडीचे ठोके दिले, किंवा ठोक्यासरशी थोडा पीळ देणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला, की आट्यांतला ठिसूळ गंज तडकतो आणि बोल्टाच्या दांड्यावर मोडण्याइतका पीळ फार वेळ राहत नाही. पहिला प्रयत्न आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित, मग उलटा, मग पुन्हा सुलटा. स्क्रूची खाच त्याआधी टोकदार वस्तूने तळापर्यंत साफ झालेली हवी, कारण खाचेत रंगाचा जुना थर असला तर ड्रायव्हर अर्धाच बसतो आणि पहिल्याच पिळाला कड छिलली जाते.

तेलाबद्दलही एक गैरसमज आहे. बाजारात सर्वांत ओळखीचा जो निळा-पिवळा डबा मिळतो, तो डब्ल्यूडी-४० १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो पाणी हटवून धातूवर गंज येऊ न देण्यासाठी. फटीत खोल शिरणं हा त्याचा मूळ हेतू नव्हता. मुद्दाम त्याच कामासाठी बनवलेली पेनिट्रेटिंग तेलं जास्त उपयोगी पडतात. पुष्कळ कारागीर अ‍ॅसिटोन आणि गिअरचं पातळ एटीएफ तेल समप्रमाणात मिसळून वापरतात, तेही चांगलं. पण समुद्रावरच्या वस्तूला तेलाआधी गोडं पाणी लागतं. आट्यांत बसलेले मिठाचे खडे तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. गरम गोडं पाणी दोन-तीनदा ओतायचं, कोरडं होऊ द्यायचं आणि मग तेल सोडायचं, या क्रमाने केलं की तेच तेल कितीतरी आत जातं. नंतर थांबायचं, ठोके द्यायचे, पुन्हा तेल सोडायचं.

यावर नाखवा लोकांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात इंजिन, जाळी, रंगकाम सगळं उरकायचं असतं. एका बोल्टापाशी तेलाची बाटली घेऊन बसायला वेळ कोणाला आहे? पण तेल मुरायला लागतो तो वेळ माणसाचा नसतो. होडी वर ओढल्याच्या दिवशीच काढायच्या प्रत्येक बोल्टाला पाणी आणि तेल देऊन ठेवलं, रोज येता-जाता दोन ठोके दिले, तर रंगकामापर्यंत निम्म्याहून जास्त काम मजुरीविना झालेलं असतं. घाई होते ती आयत्या वेळी आठवण झाली म्हणून. आणि घाईत मोडलेल्या बोल्टाने जो वेळ खाल्ला जातो तो मात्र खराखुरा माणसाचा, तोही कुशल माणसाचा असतो.

गॅसच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि बोल्ट सुटतो. हे खरं आहे, पण किती? एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की अ‍ॅल्युमिनियम दशलक्षात सुमारे २३ भाग वाढतं, स्टेनलेस सुमारे १६. दहा मिलिमीटरच्या भोकात १०० अंश वाढ झाली तरी दोघांतला फरक ०.००७ मिलिमीटर एवढाच पडतो. म्हणजे उष्णतेने भोक मोकळं होत नाही. वारंवार तापण्या-निवण्याने आतला टणक थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते, हा तिचा खरा उपयोग. त्यासाठी ज्वाला लागत नाही. डोलकाठीवर हीट गन पुरते. फायबरच्या डेकवर तर ज्वाला आणूच नये, कारण होड्यांसाठी वापरलं जाणारं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन पाणी उकळायच्या आतच मऊ पडू लागतं. वरून जेलकोट नुसता पिवळा पडलेला दिसतो, आत मात्र काचधाग्याचे थर सुटलेले असतात आणि तो भाग पुढे भार घेत नाही. तिथे मी जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न बोल्टाच्या डोक्यावर टेकवून ठेवतो. ऊब दांड्यातून खाली जाते, सीलंट मऊ होतं आणि आजूबाजूचा डेक हात लावण्याइतका थंड राहतो. शिवाय डेकखाली डिझेलची टाकी, वायरी आणि तेलाने भिजलेली लाकडं असतात. आगीचं हे कारण एकटंच पुरेसं आहे.

ग्राइंडरच्या बाजूचा युक्तिवाद सर्वांत जोरकस आहे. बोल्ट वाचवायचाच नसेल, तर तो सरळ कापावा की. तत्त्व मला मान्य आहे. फक्त कापायचं कुठून, हा प्रश्न आहे. आरपार बोल्टाचा नट डेकच्या खालच्या अंगाला असतो. बळी द्यायचा तर त्या नटाचा द्यावा, नट स्प्लिटरने किंवा छिन्नीने खालून फोडून. मग बोल्ट वरच्या दिशेने ठोकून काढता येतो आणि भोक जसंच्या तसं राहतं. वरून डोकं कापलं, तर चकती क्लीटला चाटते, डेकला चाटते, आणि ठिणग्यांचं तर कोणी बघतच नाही. प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेल्या पोलादाचा कण. तो जेलकोटमध्ये रुतून बसतो आणि काही दिवसांतच पांढऱ्या डेकवर तपकिरी ठिपक्यांचं शिंपण उमटतं, ते घासून जात नाही. दुसरा इलाज नसेल तेव्हा मीही ग्राइंडर लावतो, पण ओलं पोतं चारी बाजूंनी अंथरून. ड्रिल करायची वेळ आलीच तर स्टेनलेसला वेग मानवत नाही. बिट वेगाने नुसता घासला की धातू आणखी कठीण होत जातो. कोबाल्टचा बिट, कमी वेग, सतत दाब आणि थेंब-थेंब तेल. डावखुरा, म्हणजे उलट फिरणारा बिट मिळाला तर उत्तमच, कारण कापता कापता तोच कित्येकदा तुकडा सोडवून बाहेर आणतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. इतकी वर्षं घट्ट बसलंय, गळतही नाही, मग हात कशाला लावायचा? स्टेनलेस स्टीलचं रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या वर डोक्याला हवा मिळते, खाली नटाला मिळते. मधला दांडा मात्र साचलेल्या खाऱ्या पाण्यात, हवेविना, तसाच पडून असतो. त्यामुळे वर-खाली लखलखीत दिसणारा बोल्ट मधोमध झिजतो. असा बोल्ट बाहेर आला की दोन्ही टोकांना पूर्ण जाडी, मध्ये पेन्सिलच्या शिशाएवढी कंबर आणि तिच्यावर नारिंगी चिखल दिसतो. या कंबरेवर कठड्याचा खांब उभा असतो, आणि वादळात खलाशी त्याच खांबाला धरतो. पाणी तिथवर पोचलं याचाच अर्थ ते डेकच्या पोटातही गेलं आहे. फायबरच्या कितीतरी होड्यांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असतं. ही बांधणी आपल्याला परकी नाही; गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या आणि नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला नेलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेचं कवचही लाकडी पट्ट्यांवर काचधागा आणि इपॉक्सी चढवूनच घडवलं होतं. हलकी आणि मजबूत अशी ही रीत आहे, पण तिची एकच अट आहे, की आतल्या लाकडाला पाणी लागता कामा नये. म्हणून क्लीट निघाल्यावर मी आधी भोकात वाकडी तार घालून आतला भुसा खरवडतो. कोरडा, पिवळसर निघाला तर ठीक. काळा, ओला, आंबूस वासाचा निघाला तर बोल्टाचं काम संपून डेकचं सुरू झालं असं समजावं.

पुन्हा बसवताना या सगळ्याचा उपयोग होतो, आणि दोन धातू एकमेकांना टेकू न देण्याचा धडा तर फार जुना आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले होते. पण पत्र्याच्या गुंडाळीतला तपकिरी कागद जिथे मध्ये तसाच राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. दोन धातूंमध्ये काहीतरी वीज न वाहणारं हवं, हे एवढ्या साध्या पुराव्यावरून तेव्हाच दिसलं होतं. आज त्या कागदाच्या जागी नायलॉनचा वॉशर, प्लास्टिकची चकती किंवा आट्यांवर वीज न वाहू देणारी, आटे जाम होऊ न देणारी दाट अँटिसीझ पेस्ट येते. डेकमधलं भोक मोठं करून, आतलं लाकूड थोडं कोरून, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरायचं आणि त्या इपॉक्सीतून नवं भोक पाडायचं, म्हणजे पुढे गळती झालीच तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वरच्या कडेला थोडा उतार द्यायचा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. पेस्ट लावली तर होडीच्या थरथरीने नट ढिले होतील, अशी शंका अनेक जण काढतात. नट धरून ठेवतो तो बोल्टातला ताण, गंज नव्हे; आणि आवळताना लावलेल्या जोरातला सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच जातो. घर्षण कमी केलं की तेवढ्याच जोरात ताण जास्त येतो. म्हणून पेस्ट लावलेला नट नेहमीपेक्षा कमी आवळायचा, डोकं वरून पान्याने स्थिर धरून फिरवायचा तो खालचा नटच, आणि पुढच्या बंदीत तो एकदा सोडून पाहायचा.