सत्तरीचा तानपुरा

स्पीकरचं ट्रेबल आता 2 वरून 6 वर नेलं आहे. बातम्यांमधला 'स' परत आला. नात म्हणाली, "आजी, कानात टोचतंय गं."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आठ दिवस ही म्हण डोक्यातून जात नाही. ऐकणं जनाचं आणि करणं मनाचं, अशी वाटणी तिने केली आहे. पण ऐकण्यातही मनच असेल तर? वय झालं की कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या, उंच कंपनं टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. खालची कंपनं टिपणाऱ्या आत खोलवर टिकून राहतात. म्हणून आ, ओ ऐकू येतात आणि 'स'ची 4000 हर्ट्झच्या वरची सळसळ गळते. आवाज वाढवला की आ, ओ अंगावर येतात, 'स' तिथेच राहतो. मला मात्र कित्येक वर्षं वाटत होतं, लोकच पुटपुटायला लागलेत. मग मी जनाचं ऐकत होते ते कोणतं? ते बोलले ते, की माझ्यापर्यंत पोचलं ते?

स्पीकर खालच्या कप्प्यातून काढून कानाच्या उंचीवर ठेवले, खुर्चीकडे वळवले. बारीक आवाज सरळ रेषेतच जास्त पोचतो. इतके दिवस तो माझ्या गुडघ्यांना ऐकू जात होता.

कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा आहे. त्याच्या खर्जातून उमटणारा गांधार अजून स्पष्ट येतो, पण त्यावरची झळाळी गेली. ती झळाळी आणायला माझ्या गाण्याच्या बाई जवारी लावायच्या तेव्हा घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायच्या. मी म्हणायचे, "आली." त्या म्हणायच्या, "नाही अजून." आणि आणखी सरकवायच्या. मला वाटे, माझा कान कच्चा आहे. त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या, मी सोळाची. हे गणित मी आजवर कधी मांडलंच नव्हतं. त्यांच्या कानाला जी झळाळी पुरेशी वाटली, तीच मी खरी मानून आयुष्यभर जपली. म्हणजे बटण फिरवून मी माझ्या तरुण कानांकडे चालले आहे, की बाईंच्या कानांकडे?

काल नातीला शेजारी बसवलं. दोरा सरकवत म्हटलं, जवारी लागली की सांग.

"आली, आजी."

मला नव्हती आली. दोरा बोटाखाली तसाच धरून मी बराच वेळ बसून राहिले.