बाबांच्या पद्मिनीचा पत्रा

ती. दादास,

तू पाठवलेले फोटो आणि कोटेशन दोन्ही नीट पाहिलं. चारही दरवाजांचे बाहेरचे पत्रे, पुढची दोन्ही मडगार्ड, दरवाजांखालच्या पेट्या, अख्खा फ्लोअर, सगळं नवं टाकायचं, माल कुर्ल्याहून येणार आणि महिनाभरात गाडी तयार. दादा, गॅरेजवाल्याला अजून आगाऊ रक्कम देऊ नकोस.

भोसरीत प्रेस टूलच्या कामात माझी इतकी वर्षं गेली, म्हणून हक्काने लिहिते. पत्र्याला आकार देणं म्हणजे डायमध्ये घालून एकदा दाबणं नव्हे. आधी पत्रा ओढून खोलगट करायचा, मग कडा कापायच्या, मग त्या वळवायच्या आणि शेवटी पुन्हा एक ठोका द्यायचा. दाब सुटला की पोलाद थोडं मागे येतं, म्हणून डाय मुद्दाम थोडी जास्त वळवलेली असते. मूळ कंपनी हे सगळं हिशेबात धरते. बाजारातला डुप्लिकेट माल बनवणारा बहुधा जुनाच एखादा दरवाजा समोर ठेवून त्याचा साचा घेतो. तो दरवाजा वीस वर्षांत झिजलेला, कुठे ठोकलेला. ते सगळे दोष साच्यात उतरतात. शेवटचा ठोका खर्च वाचवायला गाळला की अंगावरची जी रेघ धारदार हवी ती बोथट येते. कड हाताने वळवली की तिची रुंदी जागोजागी बदलते.

यात त्या कारागिरांची निंदा नाही. हा माल टॅक्सीसाठी होता. सकाळी ठोकर लागलेली गाडी दुसऱ्या दिवशी धंद्यावर आली पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि ती त्याने वर्षानुवर्षं पुरी केली. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मोडीत निघणाऱ्या टॅक्सींचे दरवाजे, मडगार्ड कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळायचे, तो झराही आता आटतोय. म्हणून बाबांच्या गाडीवरचा जो पत्रा अजून शाबूत आहे तो कापून भंगारात घालणं मला सहन होत नाही.

ती गाडी कुर्ल्यातच बनली. वालचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने ती बनवली. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० पासूनच या घराण्याला वेगळी चॅसी नाही. अंगाचा पत्राच सगळा भार वाहतो. दरवाजांखालच्या पेट्या दिसायला साध्या, पण त्या कापल्या की गाडी मधून खचते आणि मग दरवाजा लागत नाही. म्हणून एका वेळी एकाच बाजूची पेटी कापायची, दरवाजे जागेवर लटकवलेले ठेवूनच. आधी दरवाजाच्या चौकटीची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन लिहून ठेवायची. हे तुझा गॅरेजवाला करणार आहे का, एवढं विचार.

तुझ्या एका फोटोवर मी बराच वेळ थांबले. डावा मागचा दरवाजा. खालचा चार बोटांचा पट्टा सडलाय, बोट लावलं तर भोक पडेल असा. त्याच्या वर मात्र पत्रा घट्ट आहे, हँडलखालची रेघ अजून सरळ आहे आणि मडगार्डाशी अगदी जुळते. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती मातीने बुजली आहेत. दोष तिथे आहे. आपल्या महाडकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाडीपट्ट्याचा खारा वारा, वर अंगणातली लाल माती. काचेवरून आत गेलेलं पाणी बाहेर पडलं नाही की पत्रा आतून जातो. नवा पत्रा बसवलास आणि भोकं तशीच बुजलेली ठेवलीस, तर तोही थोड्याच पावसाळ्यांत तसाच होईल. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडमध्ये किती गाड्या वरून धुऊन पुसून लखलखीत केल्या आणि आतला गाळ तसाच राहिला, हे तूही पाहिलं आहेस.

तेव्हा या दरवाजाचा फक्त सडलेला पट्टा कापून तेवढाच तुकडा घडवून घे. गॅस वेल्डिंग नको. त्या उष्णतेने पत्रा लाटा घेतो आणि त्या लपवायला पुट्टीचे थर येतात. सीओटू वेल्डिंगने थोडं इथे, थोडं तिथे, थंड होऊ देत काम करायला सांग. मग झिंक प्रायमर, सांध्यांत सीलर, पोकळीत मेण. फ्लोअर मात्र बदलायला हवा, त्यात वाद नाही. पुढची मडगार्ड मला फोटोवरून ठरवता येत नाहीत. चुंबक लावून बघ. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

जे पॅनेल नवं घ्यावंच लागेल ते रंगापूर्वी, वेल्डिंगपूर्वी, कोरडंच गाडीला लावून बघायचं. भोवतालची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. कॅलिपर लावून जाडी मोज. गाडीच्या जुन्या पत्र्यापेक्षा पातळ असेल तर परत. काळा चमकदार लेप बघून भुलू नकोस, तो बहुधा वाटेत गंजू नये म्हणून दिलेला असतो. त्या काळच्या गाड्या कारखान्यात शेवटी हातानेच जुळवून बसवल्या जात, त्यामुळे प्रत्येकीचं माप जरासं निराळं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा जसा खांद्यावर ओढतो, तसा हा माल ठोकल्याशिवाय बसायचा नाही, हे धरूनच चाल. मजुरी त्या ठोकण्याची द्यायची असते आणि ती भरपूर दे.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबी या गाडीच्या मूळ डाय शोधून काढल्या आणि १९८८ पासून त्यावर नवे सांगाडे बनवायला घेतले. फट जुळते, कारण साचा तोच. पद्मिनीवर प्रेम करणारे आपल्याकडे इतके आहेत, त्यांचे क्लबही आहेत. दहा जणांनी मिळून चांगल्या जुन्या पॅनेलवरून नीट डाय करून घेतल्या तर एकेकाचा खर्च पेलण्याजोगा होईल. मी त्यात हवी तेवढी मदत करेन.

आणखी एक. गाडी १९७५ ची. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदता येते. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला मात्र चालत नाही. त्या नंबरावर रोज महाडच्या बाजाराला जाता येत नाही, तेव्हा तशी नोंदणी करायची का ते तू आणि वहिनी ठरवा. पण बॉडी सरसकट बदललीस तर ती वाट कदाचित कायमची बंद होईल.

चारही दरवाजांच्या फटींची मापं वर, मधे, खाली अशी घेऊन मला पाठव. ती बघून कोटेशनमधलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं ते मी लिहून कळवते. तोवर गॅरेजवाल्याला कटर लावू देऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण