गुलाब आणि पानफुटी

२०१७ साली मी शाळेतून निवृत्त झालो, त्या दिवशी मुलांनी मला गुलाबाची बारा रोपे भेट दिली. "गुरुजी, आम्हांला वळण लावून झाले, आता यांना लावा," असे एक धीट मुलगा म्हणाला आणि सारे हसले. निवृत्तीनंतर सुंदर बाग फुलवावी, हे माझे जुने स्वप्न होते. रोपे मी मोठ्या हौसेने अंगणात लावली.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. माझे घर माण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर. तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस आमचे माण. सह्याद्रीवर चढणारे ढग आपले ओझे तिकडेच रिकामे करतात आणि आमच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस येतो. भूगोलाचे शिक्षक रजेवर असत तेव्हा हाच धडा मी नकाशावर छडी ठेवून शिकवीत असे. शिकवणे सोपे असते, शिकणे अवघड!

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकरने पाणी येऊ लागले. मला निवृत्तिवेतन होते. मी पाणी विकत घेई आणि गुलाब जगवी. पैसे माझे, पाणी माझे, असा माझा सरळ हिशेब होता. एका सकाळी सहावीतली एक मुलगी रिकामी घागर घेऊन कुंपणापाशी थांबली. टँकर तिची पाळी येण्याआधीच संपला होता. फुलांकडे पाहत तिने विचारले, "गुर्जी, यास्नी रोज किती घागरी लागत्यात?"

"चार," मी म्हणालो.

"आमच्या घरात बी चारच येत्यात," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. गणिताचे उत्तर जुळले म्हणजे मूल जसे बोलते, तशी ती बोलली. माझा हिशेब मात्र कायमचा चुकला. त्या संध्याकाळी मी गुलाबांना पाणी घातले नाही. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाबाहेर एक पिंप भरून ठेवू लागलो. उन्हाळा संपेपर्यंत दहा गुलाब वाळून गेले. मुलांनी प्रेमाने दिलेली रोपे अशी जाताना पाहून मला वाईट वाटले, हे मी लपवीत नाही. उरलेले दोन भांडी विसळलेल्या पाण्यावर तगले.

त्याच उन्हाळ्यात माझे लक्ष एका पडक्या भिंतीकडे गेले. तिच्या पायथ्याशी कोरफड हिरवीगार उभी होती. तिला कोणी पाणी घालीत नव्हते, की तिची विचारपूसही करीत नव्हते. तिची चार पिल्ले आणून मी कुंड्यांत लावली आणि मायेने रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. महिन्याभरात पाने पिवळी व मऊ पडली. उपटून पाहिले, तो मुळे कुजलेली! पाण्यावाचून मेलेली झाडे मी पुष्कळ पाहिली होती. पाणी जास्त होऊन मेलेले झाड दुष्काळात माझ्याच अंगणात निघाले. माझी पत्नी म्हणाली, "मुलांनाही तुम्ही असेच करीत होता. जे मूल गप्प बसे, त्याला प्रश्न विचारविचारून हैराण!"

मग मी पुस्तके उघडली. बहुतेक झाडे आपली पर्णरंध्रे दिवसा उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या खटाटोपात पुष्कळ पाणी गमावतात. कोरफड, पानफुटी, घायपात, निवडुंग यांची रीत निराळी. भर उन्हात ती दारे लावून बसतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पानांत किंवा खोडात साठवतात आणि दिवसा सूर्यप्रकाशात वापरतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागले. त्याचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. बालमित्रांनो, तुम्ही मात्र पाने चाखून पाहू नका; पानफुटीत विषारी द्रव्येही असतात.

आता माझ्या बागेची मांडणी सांगतो. मोरीचे पाणी जेथे येते, तेथे तुळस, कढीपत्ता आणि ते दोन गुलाब. त्यापलीकडे, मुरूम व जाड वाळू मिसळलेल्या उंच वाफ्यात कोरफड आणि पानफुटी. कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला काटे लागणार नाहीत अशा बेताने, घायपात. वाफ्यावर खडीचा थर आहे. त्यामुळे ओल टिकते आणि तणही कमी उगवते. पाणी घालण्यापूर्वी मी मातीत बोट खुपसून पाहतो. माती पूर्ण कोरडी असेल तरच पाणी, आणि पावसाळ्यात थेंबही नाही. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. सकाळची दहा मिनिटे या बागेला पुरतात.

पुढे ती मुलगी बाग पाहायला आली. मी तिला पानफुटीचे एक पान दिले आणि वहीत ठेवायला सांगितले. काही दिवसांनी ती वही छातीशी धरून धावत आली. पानाच्या कडेच्या खाचांतून चार इवलाली रोपे डोकावत होती. त्यांना पांढरी मुळेही फुटली होती.

"गुर्जी, यास्नी किती घागरी?" तिने डोळे मिचकावून विचारले.

"घागर कसली? एक वाटी; तीही माती कोरडी झाल्यावर!"

हे गणित तिला फार आवडले.