बहुश्रुत

आपल्याला दोन डोळे आहेत ह्याची आठवण मनुष्याला सहसा त्यांतला एक रुसून बसला म्हणजेच होते. गेल्या आषाढात एके दिवशी वर्गात शिकवीत असता माझ्या उजव्या डोळ्यापुढे काजळाचे ठिपके नाचू लागले, आणि संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यातून काळी छाया पुढे सरकू लागली. डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, शस्त्रक्रिया ताबडतोब करावयास हवी, असे डॉक्टरांनी सांगितले. ती यथासांग पार पडली. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरण्यात आला, आणि तो पडद्याला आतून टेकून राहावा म्हणून दहा दिवस पालथे पडून राहण्याची, व त्यापुढे सहा आठवडे पुस्तक न उघडण्याची मला आज्ञा झाली. तीस वर्षे ज्याने पुस्तकांवर पोट भरले त्याला ही शिक्षा काळ्या पाण्याहून कमी वाटली नाही.

बंगळूरहून मुलगी धावत आली होती. तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड असह्य होऊन तिने माझ्या कानांत दोन लहानशी बोंडे बसविली आणि म्हणाली, "बाबा, वाचता येत नाही ना? मग ऐका."

तोपर्यंत पॉडकास्ट म्हणजे रिकामटेकड्या तरुणांची लांबलेली बडबड, असा माझा समज होता. हा शब्दही मला धेडगुजरी वाटे. 2004 साली 'गार्डियन' पत्रात बेन हॅमर्स्ली नावाच्या लेखकाने 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' ह्या दोन शब्दांची सांगड घालून तो सुचविला, आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकन ऑक्सफर्ड कोशाने त्याला वर्षाचा मानकरी शब्द ठरविले. रेडिओत आणि ह्यात फरक एवढाच, की रेडिओची वाट आपण पाहावयाची असते, आणि हा आपली वाट पाहत बसतो. पालथ्या पडलेल्या मनुष्याला ही नम्रता फार मोलाची वाटते.

प्राध्यापकाच्या आयुष्यात प्रशस्तिपत्रे लिहिणे हे एक नित्यकर्मच असते. आज काही प्रशस्तिपत्रे मी आपण होऊन लिहितो आहे. ह्यांतल्या एकाही उमेदवाराने ती माझ्याकडे मागितलेली नाहीत, म्हणून नेहमीपेक्षा ती अधिक विश्वसनीय समजण्यास हरकत नाही.

पहिला मान बीबीसीच्या 'इन अवर टाइम' ह्या कार्यक्रमाचा. 1998 साली सुरू झालेला हा कार्यक्रम 2025 पर्यंत मेल्विन ब्रॅग चालवीत होते. एक विषय, तीन प्राध्यापक आणि सुमारे पाऊण तास, एवढाच त्याचा संसार. विषय मात्र अशोकापासून प्रकाशसंश्लेषणापर्यंत आणि भगवद्गीतेपासून प्लेगच्या साथीपर्यंत वाटेल तो. पण खरी गंमत विषयात नाही, ब्रॅगसाहेबांच्या अधीरपणात आहे. एखादा पंडित आपल्या आवडत्या आडरानात शिरू लागला की ते त्याला हात धरून परत हमरस्त्यावर आणतात, आणि "म्हणजे नेमके काय?" असे सरळ विचारतात. प्राध्यापकाला भर सभेत असे अडविलेले ऐकण्यात केवढा आनंद आहे, हे दुसऱ्या प्राध्यापकालाच कळावे! माझ्या वर्गात गेल्या तीस वर्षांत हा प्रश्न किती विद्यार्थ्यांच्या ओठांवर येऊन परत गेला असेल, ह्याचाही विचार तेव्हा मनात आल्यावाचून राहिला नाही.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी माइक डंकन ह्यांची 'द हिस्टरी ऑफ रोम' ही मालिका जरूर ऐकावी. 2007 ते 2012 अशी पाच वर्षे ह्या गृहस्थाने रोमच्या दंतकथांपासून इसवी सन 476 पर्यंतची कथा एखाद्या पुराणिकाच्या चिकाटीने सांगितली, आणि तीही कोणत्याही विद्यापीठाच्या आसनावर न बसता. ज्यांना एवढा दम नसेल त्यांच्यासाठी नील मॅकग्रेगर ह्यांची शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास सांगणारी 2010 सालची मालिका आहे. दररोज एक वस्तू आणि पंधरा मिनिटे. आफ्रिकेतले दगडी हत्यार, सिंधू संस्कृतीची मुद्रा, कुमारगुप्ताची सोन्याची नाणी असे करीत करीत शेवट होतो तो सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या एका साध्या दिव्यापाशी. वस्तू डोळ्यांना दिसत नाही हीच तिथे सोय ठरते. संग्रहालयात आपण वस्तूपुढून पावले उचलीत निघून जातो. इथे ती मनात उभी करावी लागते, आणि म्हणून ती तिथे टिकते.

कथाप्रेमी वाचकांना 'न्यूयॉर्कर'ची 2007 पासून चाललेली कथांची मालिका आवडेल. त्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतली दुसऱ्या कोणाची तरी कथा एक लेखक निवडतो, ती वाचून दाखवितो आणि मग संपादिकेशी तिच्याविषयी बोलतो. परनिंदेसाठी प्रसिद्ध असलेल्या आम्हा साहित्यिक मंडळींत एकाने दुसऱ्याची कथा प्रेमाने वाचावी हा अनुभवच दुर्मीळ! संगीतात रस असणाऱ्यांना हृषिकेश हिरवे ह्यांचे 'साँग एक्स्प्लोडर' सुचवीन. त्यात संगीतकार आपले गाणे घड्याळासारखे खोलून त्याचा एकेक भाग निराळा ऐकवितो, आणि अखेर सारे जुळवून पूर्ण गाणे समोर ठेवतो. अमित वर्मा ह्यांच्या 'द सीन अँड द अनसीन'मधल्या मुलाखती कित्येक तास चालतात. घाईच्या मनुष्याने त्या वाटेला जाऊ नये, पण आजाऱ्याला त्यांसारखे पथ्यकर काही नाही. आपल्या भाषेतही सौमित्र पोटे ह्यांचे 'मित्रम्हणे' आणि 'अमुक तमुक' ह्यांसारख्या गप्पा आहेत. त्यांतले मराठी आमच्या पिढीला सैल वाटेल. पण ओसरीवरच्या गप्पांना शालू नेसविण्याचा आग्रह तरी कोणी धरावा?

एक प्रशस्तिपत्र मात्र मी हात राखून लिहितो. 2014 सालच्या 'सीरियल' ह्या मालिकेने हा सारा प्रकार जगभर घरोघरी पोहोचविला. बाल्टिमोर इथे 1999 साली झालेल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाचा खटला सेरा कोनिग ह्यांनी त्यात बारा भागांत नव्याने तपासला. निवेदिका आपल्या शंका लपवीत नाही, आणि म्हणूनच ऐकणारा तिच्या मागे फरफटत जातो. मी एका रात्रीत पाच भाग ऐकले. सकाळी मात्र मनाला थोडी लाज वाटली. कोणाच्या तरी घरचे खरे दुःख मी रहस्यकथेसारखे चघळले होते. ऐकावी, पण ही लाज बाळगून ऐकावी.

विद्वान मनुष्याला आपण मराठीत 'बहुश्रुत' म्हणतो, 'बहुपठित' म्हणत नाही. नवविधा भक्तीतही श्रवणाला पहिले स्थान आहे. माझ्या आजीला अक्षर ओळखू येत नसे, पण चातुर्मासातल्या पोथ्या आणि देवळातली कीर्तने ह्यांवर तिने एवढे ज्ञान साठविले होते, की माझ्या पदव्यांचे तिला कधी कौतुक वाटले नाही. पालथ्या अवस्थेत मला आजीची थोरवी पटली. आणि तिच्या पाठोपाठ, न बोलाविता, वडिलांची आठवण आली.

माझे वडील शाळामास्तर होते. अखेरच्या दोन वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. संध्याकाळी मी कॉलेजातून आलो, की वृत्तपत्राचा अग्रलेख आणि एखाद्या जुन्या पुस्तकाची दोन पाने मी वाचून दाखवावी, एवढीच त्यांची मागणी असे. मी वाचीत असे. पण माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग असे, आणि अधूनमधून मी एखादा परिच्छेद हलकेच गाळीत असे. एकदा ते म्हणाले, "मधले काही राहिले का रे?" मी "नाही" म्हणालो. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. काही दिवसांनी मी त्यांना एक चांगला ट्रान्झिस्टर आणून दिला. त्यांनी माझे आभार मानले, आणि वाचून दाखविण्याविषयी पुढे शब्दही काढला नाही. आपण पितृऋणातून थोडे तरी मुक्त झालो अशा समाधानात मी उत्तरपत्रिकांकडे वळलो.

आज ज्या यंत्राची मी एवढी स्तुती केली ते त्या ट्रान्झिस्टरचेच नातवंड आहे. त्यातले सारे आवाज विद्वान आहेत, गोड आहेत, आणि माझी वाट पाहत थांबतातही. पण त्यांतला एकही केवळ माझ्यासाठी बोलत नाही. वडिलांनी माझ्याकडे अग्रलेख मागितलाच नव्हता, हे कळण्यास मला वीस वर्षे आणि एक डोळा खर्च करावा लागला.

मुलगी बंगळूरला परत जाताना आजोबांच्या कपाटातले एक पुस्तक घेऊन गेली. रोज रात्री, कचेरीतून आल्यावर, ती त्याची दोन-चार पाने वाचून ध्वनिमुद्रित करते आणि मला पाठविते. जोडाक्षरांपाशी ती अडखळते, मागे पंखा घरघरतो, कधी कुकरची शिट्टी होते. ह्या पॉडकास्टला श्रोता एकच. माझ्या यादीत मी त्याला क्रमांक दिलेला नाही, कारण त्याची शिफारस कोणाकडे करावयाची?

ते पुस्तक मला जवळजवळ पाठ आहे. गेल्या आठवड्यात एका रात्री तिचा आवाज फार थकलेला होता, आणि एका पानावरचा लांबलचक परिच्छेद सबंध गळला होता. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर विचारले, "बाबा, कालचे नीट ऐकू आले ना?"

"सगळे ऐकू आले," मी म्हणालो.