नवंकोरं जुनेपण

चोंगचिंगमध्ये पत्ता सापडला तरी मजला सापडेलच असं नाही. यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या बेचक्यात, डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेलं हे शहर. नदीकाठच्या रस्त्यावरून हाँगयादोंग संकुलात शिरलो, लिफ्टनं अकराव्या मजल्यावर पोचलो, बाहेर पाऊल टाकलं तर समोर पुन्हा रस्ताच. टॅक्सी, दुकानं, वर्दळ, सगळं जागच्या जागी.

लीझीबा स्थानकात मोनोरेल एकोणीस मजली इमारतीच्या पोटातून आरपार जाते. सहा ते आठ या मजल्यांवर स्टेशन, त्याच्या वर लोकांची बिऱ्हाडं. खाली पर्यटक आ वासून उभे. आपण गाडी गिळतोय असा फोटो काढून घेण्यासाठी. गाडी रबरी चाकांवर धावते, त्यामुळे खडखडाट फारसा नाही.

रात्री मात्र सगळी गर्दी हाँगयादोंगकडे. खांबांवर तोललेली जुन्या धाटणीची घरं, उतरती छपरं, सोनेरी दिवे. बघणाऱ्याला वाटावं, शतकानुशतकं इथंच आहे. प्रत्यक्षात हे संकुल उभं राहिलं २००६ मध्ये आणि लीझीबाची मोनोरेल सुरू झाली २००५ मध्ये. म्हणजे इथली ‘प्राचीन’ वास्तू मोनोरेलपेक्षा वर्षभरानं लहान! शिबाती ही पायऱ्यापायऱ्यांची खरीखुरी जुनी वस्तीसुद्धा पाडून, नव्यानं ‘जुनी’ बांधून २०२१ मध्ये खुली केली. मला ते खटकलं. पण नाकं मुरडायचा हक्क आपल्याला कितपत आहे? चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे आपण पुन्हा सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहणार आहोत थोडेच!

खरं जुनं इथं जमिनीखाली आहे. जपानविरुद्धच्या युद्धात हे शहर चीनची तात्पुरती राजधानी होतं आणि १९३८ पासून त्यावर बाँब पडत होते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस येनानला जाण्याआधी भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर याच शहरात येऊन गेले. लोकांनी जिवाच्या भीतीनं खडकात भुयारं खोदली; जून १९४१ मध्ये एका भुयारात कोंडून असंख्य माणसं गुदमरून मेली. तशाच काही भुयारांत आज हॉटपॉटची हॉटेलं आहेत. नऊ खणांच्या कढईत गोमांसाच्या चरबीचा लालभडक रस्सा रटरटत असतो आणि त्यात कोकणातल्या तिरफळाच्या कुळातलंच एक फळ मूठमूठ घातलेलं. जीभ बधिर होते, कपाळाला घाम फुटतो आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी खदखदून हसतात. भिंतीचा खडक मात्र हाताला गार लागतो.

चाओतिआनमेनला दोन नद्यांचा संगम आहे. तिथं २०१९ मध्ये खुल्या झालेल्या रॅफल्स सिटीच्या मनोऱ्यांवर, सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, मोशे सफदी या वास्तुविशारदानं आख्खी आडवी इमारत ठेवली आहे. तिच्या पायथ्याशी एक म्हातारबुवा बसले होते. जवळ बांबूची काठी, तिला दोरीची दोन वेटोळी. हे इथले ‘बांगबांग’, म्हणजे हमाल. काठी तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेली, खांद्यावर दुहेरी घडीचं फडकं. कपड्यांचे दोन गठ्ठे लटकावून ते पायऱ्या चढू लागले तेव्हा काठी लवत होती आणि पाऊल तिच्या तालावर पडत होतं. एके काळी या हमालांवाचून शहराचं पान हलत नसे. आता लिफ्ट आल्या, सरकते जिने आले. तरुण पोरं घरपोच जेवण पोचवणाऱ्या दुचाक्यांवर गेली. ही काठी पुढं कुणी उचलेल, असं मला वाटत नाही.

तुम्ही चोंगचिंगला गेलात तर हाँगयादोंगचे दिवे जरूर बघा, त्यात काही वावगं नाही. पण एका दिवशी अंधारात उठा आणि चार नंबरच्या मेट्रोचं शिचुआन स्टेशन गाठा. आसपासच्या खेड्यांतले म्हातारे शेतकरी पाठीवरच्या टोपल्यांत भाजी भरून तिथूनच पहाटेच्या गाडीनं शहरात विकायला जातात. गाडीत गर्दी असते. टोपलीला धक्का लागणार नाही असे उभे राहा.